सुई टोचली तरी कातडी हलली नाही, म्हणजे ती बधिर झाली का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. एम. फार्म. करणारी एक विद्यार्थिनी एका वनस्पतीच्या अर्कात जागा बधिर करायचा गुण आहे का ते रॅटवर तपासतेय. पाठीच्या कातडीखाली ०.६ मिली इंजेक्शन, जो फुगवटा येतो त्याच्याभोवती पेनानं गोल, आणि मग ठरावीक वेळानं त्या गोलात सहा वेळा सुई टोचून कातडी किती वेळा थरथरली ते लिहायचं. तिच्या अडचणी तीन. आकडे रोज वेगळे येतात. ४ आणि ७ नंबरचे रॅट औषध द्यायच्या आधीच काही रिस्पॉन्स देत नाहीत. आणि गाईडचं म्हणणं, नुसतं डोळ्यांनी बघून चालणार नाही, ईएमजी लावा, म्हणजे स्नायूतल्या विजेचं रेकॉर्डिंग घ्या.

मी हे काम वीसेक वर्षं करतोय, अजूनही स्वतः रॅट हातात धरतो, म्हणून तिलाच उद्देशून जरा लांबण लावून सांगतो, कारण या टेस्टमध्ये जिथं चुका होतात त्या जागा छापील प्रोटोकॉलमध्ये कुठंच लिहिलेल्या नसतात.

गोठ्यात म्हैस किंवा बैल बघितलाय ना, पाठीवर माशी बसली की शेपटी पोचत नाही तिथली कातडी झर्रकन थरथरते आणि माशी उडते, बाकी जनावर शांत रवंथ करत उभं. तेच हे. कातडीच्या लगेच खाली कागदासारखा पातळ एक स्नायूचा थर असतो, क्युटेनियस ट्रंकाय म्हणतात त्याला, आणि तो काखेपासून सुरू होऊन पाठीवर, पोटाच्या बाजूंवर मागपर्यंत पसरलेला असतो. माणसात हा जवळजवळ नाहीच, मानेतला प्लॅटिस्मा वगैरे तेवढे अवशेष राहिलेत, त्यामुळं आपल्याला पाठीची कातडी अशी हलवता येत नाही. एक फरक मात्र आत्ताच लक्षात ठेवा. गिनीपिगची कातडी हलक्या स्पर्शानंही हलते, रॅटमध्ये तसं नाही, रॅटला टोचलं किंवा चिमटा घेतला, म्हणजे इजा होईल असं काही केलं, तरच हा रिफ्लेक्स, म्हणजे आपोआप होणारी हालचाल, येतो. कापसानं कुरवाळून रॅटचा रिफ्लेक्स शोधणारी मुलं मी पाहिलीत, तो तसा मिळणार नाही.

आता याची वायरिंग बघा, कारण सगळी मेख तिथं आहे. टोचल्याची खबर पाठीच्या कातडीतल्या नसांमधून, ज्यांना डॉर्सल क्युटेनियस नर्व्ह म्हणतात, त्या त्या पातळीवर मणक्यात शिरते. तिथून ती स्पायनल कॉर्डमधूनच वर चढत जाते, पार मानेच्या खालच्या टोकापर्यंत, जिथं मान संपून छाती सुरू होते. या स्नायूला हुकूम देणाऱ्या पेशी, मोटर न्यूरॉन, तिथं बसल्यात. मग तिथून लॅटरल थोरॅसिक नर्व्हमधून हुकूम निघतो आणि काखेतून परत पाठीवर येतो. म्हणजे शेवटच्या बरगडीजवळ टोचलं तरी निरोप मानेजवळ जाऊन, वळसा घालून परत तिथंच येतो, आणि कमाल म्हणजे आकुंचन सगळ्या पाठीवर सारखं होत नाही, जिथं टोचलं त्याच्याच आसपास सगळ्यात जास्त होतं. कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत जॅक डायमंड यांच्या लॅबनं रॅटवर हे व्यवस्थित दाखवलं, १९८८ चं काम आहे. त्याच लॅबनं हा रिफ्लेक्स वापरून नसा फुटून शेजारच्या बधिर कातडीत कशा पसरतात आणि त्यासाठी एनजीएफ (नसांची वाढ घडवणारं प्रथिन) कसं लागतं, तेही उलगडलं. शेजारच्या नसा कापून एकच शिल्लक ठेवायची आणि दर काही दिवसांनी चिमटीनं टोचत बधिर भागाची हद्द किती आत सरकली ते कातडीवरच पेनानं आखायचं. साधी चिमटी आणि पेन एवढ्यावर इतकं मोठं काम झालंय हे मी दर वर्षी मुलांना सांगतो.

या सगळ्या वाटेत मेंदूपर्यंत जायची गरज नाही. म्हणून लिहिताना जपून लिहा, कातडी हलली म्हणजे रॅटला वेदना झाली असं सिद्ध होत नाही आणि हलली नाही म्हणजे वेदना झाली नाही असंही नाही. तुम्ही रिफ्लेक्स मोजताय. थिसिसमध्ये "वेदना" हा शब्द जिथं जिथं टाकलाय तिथं एकदा थांबून बघा.

पण माझा खरा मुद्दा यापुढचा. या टेस्टमध्ये तुमचं सगळं यश "हललं नाही" यावर उभं आहे. सहापैकी सहा वेळा हललं नाही, लिहा १०० टक्के ब्लॉक. आणि एवढ्या लांब वळशात कुठंही काहीही बिघडलं तरी उत्तर तेच येणार, हललं नाही. कातडीतली टोकं बधिर झाली तरी तेच, नस वाटेत अडली तरी तेच, कॉर्डमध्ये गुंगी आली तरी तेच, काखेतली नस किंवा स्नायू स्वतःच लुळा पडला तरी तेच, आणि रॅट घाबरून दगडासारखा बसला तरी तेच. शून्य सगळ्यांचं सारखंच दिसतं. म्हणून मी माझ्या मुलांना सांगतो की हललं ते लिहायला फार विचार लागत नाही, पण "हललं नाही" लिहायच्या आधी बाजूला टोचून बघा.

म्हणजे नेमकं काय करायचं? प्रत्येक वेळी गोलाच्या आत टोचायच्या आधी गोलाच्या बाहेर आणि पाठीच्या दुसऱ्या बाजूला, त्याच पातळीवर, एकेकदा टोचायचं. तिथं हललं तरच आतला शून्य धरायचा. बाहेरही हललं नाही तर ती रीडिंग शून्य नाही, ती रीडिंगच नाही, तसं लिहून ठेवायचं. आता यातली एक बारीक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. बाहेर कुठंही टोचून चालत नाही. पाठीच्या या नसा मधल्या रेषेपासून थोड्या अंतरावर वर येतात आणि तिथून बाहेरच्या बाजूला आणि मागं पसरत जातात. तुमचा फुगवटा जर नस वर येते तिथंच बसला, तर ती नस मुळातच अडते आणि गोलाच्या बाहेरचा, पोटाकडचा पट्टाही बधिर होतो. मग तुम्ही तिकडं टोचता, हलत नाही, आणि वाटतं की रॅट गुंगीत गेला किंवा औषध सगळीकडं पसरलं. म्हणून कंट्रोलची टोचणी डोक्याच्या दिशेला थोडी पुढं आणि दुसऱ्या बाजूला करा, पोटाकडच्या बाजूला नको. आणि फुगवटा दर रॅटमध्ये एकाच जागी यायला हवा, मधल्या रेषेपासून किती मिलिमीटर आणि शेवटच्या बरगडीपासून किती, ते मोजून. रोज आकडे वेगळे येतात त्याचं अर्धं कारण मला इथंच दिसतंय.

दुसरी बारीक गोष्ट. रॅटच्या कातडीखाली इंजेक्शन देता तेव्हा ते बहुतेक या स्नायूच्या थराच्याही खाली, सैल जागेत जातं. म्हणजे तुमचं औषध वरच्या कातडीलाही भिजवतंय आणि त्या स्नायूलाही. आकुंचन सगळ्यात जास्त टोचलेल्या जागीच होतं असं वर म्हटलं, आणि तिथलाच स्नायू औषधात बुडालेला. मग कातडी बधिर झाली की स्नायू लुळा पडला? नुसतं गोलाच्या आत बघून हे कळणार नाही, पण गोलाच्या आत टोचून नजर गोलाच्या काठाबाहेर ठेवली तर कळतं. आतली कातडी जागी असेल तर काठाबाहेरचा स्नायू थोडा तरी ओढला जातो. कातडी काखेच्या दिशेनं, पुढं सरकते, तो झटका एकदा ओळखू यायला लागला की श्वासाची हालचाल आणि रिफ्लेक्स यात गोंधळ होत नाही. श्वास वरखाली उचलतो, रिफ्लेक्स पुढं ओढतो.

टेस्टची तयारी. ही पद्धत मुळात गिनीपिगवरची, एडिथ बुलब्रिंग आणि वाज्दा या संशोधकांनी १९४५ मध्ये मांडलेली, तिच्यात पाठीवर कातडीत फुगवटा करून दर ५ मिनिटांनी सहा टोचण्या, अशा ३० मिनिटं, म्हणजे एकूण ३६, आणि त्यातल्या किती वेळा रिस्पॉन्स आला नाही तो तुमचा स्कोर. आपल्याकडं फार्मसीच्या प्रॅक्टिकलच्या जुन्या वह्यांमध्ये हाच प्रयोग असायचा. रॅटवरची आजची पद्धत, जी तुम्ही वापरताय, तिच्यावर बोस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या गटानं २००२ मध्ये अमिट्रिप्टिलिन या नैराश्यावरच्या औषधाचं काम केलं आणि नंतर तैवानमधल्या लोकांनी कितीतरी औषधं तपासली. पण दोन्हीकडं एक गोष्ट सारखी, टोचणीचा जोर ठरलेला हवा.

तुम्ही लिहिलंय की २६ नंबरच्या सुईनं हातानं टोचताय. इथंच थांबा. हाताचा जोर सकाळी वेगळा, दुपारी चाळीसावा रॅट असतो तेव्हा वेगळा, आणि मनात "आता याला बधिर व्हायला हवं" असं असलं की आणखी वेगळा, माणूस नकळत हलकं टोचतो. १८ नंबरच्या सुईचं टोक कापून ते जाड व्हॉन फ्रे फिलामेंटला (ठरलेल्या जोरावर वाकणारा नायलॉनचा तंतू) चिकटवायचं, म्हणजे ठरावीक जोराच्या वर फिलामेंट वाकतं आणि जास्त जोर जातच नाही. रॅटवरच्या कामात साधारण १९ ग्रॅमचा जोर वापरतात. हे घरी तपासता येतं, म्हणजे आपल्याच लॅबच्या वजनकाट्यावर. काटा शून्य करा, पॅनवर रबराचा छोटा तुकडा ठेवून परत शून्य करा आणि टोक त्यावर दाबा, फिलामेंट वाकायला लागतं तो आकडा वाचा. दहा वेळा करा. १८ ते २० मध्ये आले तर ठीक. आम्ही हे रोज सकाळी करतो आणि आकडा वहीत वर लिहितो, पावसाळ्यात दमट हवेत नायलॉनचं फिलामेंट मऊ पडतं आणि आकडा उतरतो हे त्या वहीतूनच आमच्या लक्षात आलं. टोचताना कातडीला खळी पडली पाहिजे, रक्त येता कामा नये. रक्ताचा ठिपका आला तर ती जागा त्या दिवसापुरती सोडा.

सहा टोचण्यांच्या मध्ये एक ते दोन सेकंद. एकाच बिंदूवर सहा वेळा नाही, गोलाच्या आत सहा वेगळ्या जागी. एकाच जागी टोचत राहिलं तर कधी रिफ्लेक्स थकतो, कधी उलटा भडकतो आणि शेवटच्या टोचणीला रॅट सगळं अंग झटकतो, जे तुम्ही "होल बॉडी शेक" म्हणून लिहिलंय. ते झटकणं या रिफ्लेक्समध्ये धरू नका, तो वेगळा रकाना ठेवा.

केस आदल्या दिवशी क्लिपरनं काढा. केस काढायचं क्रीम वापरू नका, हे मी पोटतिडकीनं सांगतोय, क्रीमनं कातडी लाल होते, सुजते, आणि सुजलेली कातडी जास्त रिस्पॉन्स देते, मग तुमचं चांगलं औषधसुद्धा फिकं पडतं. त्याच दिवशी सकाळी केस काढून लगेच टेस्ट हेही नको.

आणि रॅटची सवय. हा सगळ्यात कंटाळवाणा भाग म्हणून सगळे गाळतात. निदान पाच-सात दिवस रोज, तीच व्यक्ती, तोच टॉवेल, तीच वेळ, रॅट हातात घ्यायचा, पाठीवर बोट फिरवायचं, टॉवेलखाली डोकं लपवून बसू द्यायचा आणि परत ठेवायचा. घाबरलेल्या प्राण्यात वरून, म्हणजे मेंदूकडून, येणारा दाब कॉर्डमधला रिफ्लेक्स दडपू शकतो, ही काही मनाची समजूत नाही, ताणामुळं वेदना दबणं हा ओळखीचा प्रकार आहे. आमच्याकडं ॲनिमल हाऊसमध्ये एक मामा होते, रिटायर झाले आता, ते रॅटला केजमधून काढताना शेपटीला धरत नसत, ओंजळीत घेत. त्यांच्या हातचे रॅट टेबलावर आले की पाचेक मिनिटांत अंग चाटायला लागायचे आणि त्यांचे बेसलाईन, म्हणजे औषधाआधीचे आकडे, सहापैकी सहा. तेच रॅट नवख्या मुलानं ओढून काढले की सहापैकी तीन-चार. मी हे वहीत नोंदवलेलं बघितलं तेव्हापासून रॅट टेबलावर कसा आला हे लिहायला रकाना ठेवला.

आता अर्काबद्दल, कारण इथं मी स्वतः तोंडघशी पडलोय. सुरुवातीच्या काळात एका कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही एक अर्क टोचला आणि ब्लॉक उतरेचना. दोन तास, चार तास, दुसऱ्या दिवशीही सहापैकी शून्य. आम्ही खूश, लिडोकेन या नेहमीच्या बधिर करणाऱ्या औषधापेक्षा कितीतरी पट जास्त टिकतंय म्हणून आकडे घेऊन सरांकडं गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी केजमध्ये बघितलं तर फुगवट्याच्या जागी कातडी काळपट, कडक, कडेनं सुटायला लागलेली. अर्काचा पीएच बघितलाच नव्हता, पट्टी बुडवली तर ३ च्या आसपास. आम्ही नसा बधिर केल्या नव्हत्या, कातडी जाळली होती. त्या आठ रॅटचं मला आजही वाईट वाटतं, कारण एक पीएच पट्टी वाचवू शकली असती त्यांना.

तेव्हा अर्काचा पीएच मोजा, शरीराच्या जवळ आणा, क्षारांचं प्रमाण बघा, अर्क विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ किंवा अल्कोहोल किती टक्के आहे ते लिहा आणि नेमकं तेच मिश्रण, अर्क वगळून, एका गटाला द्या. नुसत्या सलाईनचा गट पुरेसा नाही. ब्लॉक पूर्ण उतरला का ते २४ तासांनी परत टोचून बघा, जागा डोळ्यांनी बघा, शेवटी कातडीचा तुकडा हिस्टॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, द्या. उतरत नाही असा ब्लॉक दिसला की आनंद करायच्या आधी इजा समजायची. हे फक्त अर्कांचं नाही, अमिट्रिप्टिलिनसारख्या औषधांतही जास्त कॉन्सन्ट्रेशनला नसांना इजा होते हे पुढं दिसलंच. आणखी एक गट ठेवा, तेवढाच डोस पोटात इंजेक्शननं देऊन पाठ टोचायचा. तिथंही पाठ बधिर दिसली तर तुमचं औषध जागेवर नाही, रक्तातून जाऊन काम करतंय, कदाचित गुंगी आणतंय.

आकडेमोड सोपी आहे पण तिथंही एक खड्डा आहे. समजा एका रॅटमध्ये आधी सहापैकी सहा हललं, ५ मिनिटांना शून्य, ३० ला एक, ६० ला चार, ७५ ला परत सहा. टक्केवारी म्हणजे न हललेल्या भागिले सहा, तर ० मग १००, ८३.३, ३३.३ आणि ०. वेळेसमोर ही टक्केवारी मांडली की जी रेषा येते तिच्याखालचं क्षेत्रफळ समलंब चौकोनांनी काढलं तर साधारण ४,५४० टक्के-मिनिटं येतं, आणि ब्लॉकचा काळ ७५ मिनिटं. असा एक आकडा एका रॅटचा. हा एक आकडा म्हणजे तुमचा एक एन, एक स्वतंत्र नमुना. तुमच्या शीटमध्ये मला सहा रॅट गुणिले सहा टोचण्या असं ३६ दिसतंय आणि त्यावर टी-टेस्ट लावलीय. ते चुकीचं आहे, एका रॅटच्या सहा टोचण्या एकमेकींच्या बहिणी आहेत, स्वतंत्र नाहीत. बुलब्रिंग-वाज्दाचे ३६ सुद्धा एका जागेचा स्कोर आहेत, ३६ प्राणी नाहीत. आणि शून्य ते सहा असा स्कोर थेट सरासरी-एसडीनं मांडण्यापेक्षा मीडियन द्या, नॉनपॅरामेट्रिक टेस्ट लावा, किंवा स्टॅटिस्टिक्सवाल्याला बरोबर घेऊन मिक्स्ड मॉडेल करा. टोचणाऱ्याला कुठल्या सिरिंजमध्ये काय आहे ते माहीत नसावं, हे सांगायला नको पण सांगतो, कारण अर्काचा रंग हिरवा असला की सगळं गुपित फुटतं. मग इंजेक्शन एकानं द्यायचं आणि टोचायचं दुसऱ्यानं, आणि कातडीतून रंग दिसत असेल तर सगळ्यांच्या फुगवट्यावर सारखाच मार्कर फिरवायचा.

ईएमजीचं विचारलंत. गाईडना माझा नमस्कार सांगा, पण तुमच्या प्रश्नाला ईएमजी लागत नाही. "जागा बधिर झाली का आणि किती वेळ" याला नीट केलेली टोचणी पुरते, आणि चांगल्या जर्नल्समध्ये तीच छापून आलीय. ईएमजी लागतं ते वेगळ्या प्रश्नाला, म्हणजे जाड नसा अडल्या की बारीक, किंवा कॉर्डमध्ये निरोपाचं काय झालं. तिथं रॅटला भूल देऊन एखादी डॉर्सल क्युटेनियस नर्व्ह मोकळी करतात, हुक इलेक्ट्रोडवर ठेवून करंट देतात आणि स्नायूतून बारीक तारांनी किंवा थेट लॅटरल थोरॅसिक नर्व्हमधून रेकॉर्ड करतात. मग एक सुरुवातीची लाट दिसते आणि एक उशिराची. हिशोब करून बघा, नस ते कॉर्ड ५ सेंटीमीटर धरा, जरा जाड ए-डेल्टा तंतू सेकंदाला १० मीटर वेगानं गेले तर ५ मिलिसेकंदात पोचतात, बारीक सी तंतू ०.६ मीटरनं गेले तर ८० च्या वर. बाकीचा वळसा दोघांना जवळपास सारखाच. म्हणून त्या दोन लाटा वेगळ्या दिसतात आणि कुठली गायब झाली त्यावरून औषधानं काय अडवलं ते कळतं. पण यात भूल हाच मोठा शत्रू. आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू थोडा वाढला की रिफ्लेक्स नाहीसा होतो आणि परत तेच, शून्य, खोटं शून्य. पेंटोबार्बिटालच्या हलक्या भुलीत तो टिकतो म्हणून जुनी कामं बहुतेक त्यावर आहेत. शिवाय रॅट थंड पडला की नसांचा वेग उतरतो, गरम पॅड लावला की त्याच पॅडमधून विजेच्या लाईनची ५० हर्ट्झची घरघर रेकॉर्डिंगमध्ये शिरते. पहिले दोन-तीन महिने फक्त अर्थिंग दुरुस्त करण्यात जातात हे गृहीत धरा. एम. फार्म.च्या मुदतीत हे बसणार नाही.

त्यापेक्षा हे करा. केस काढलेल्या पाठीवर मार्करनं ५ मिलिमीटरच्या अंतरानं ठिपक्यांची रांगोळी काढा, फोन स्टँडवर लावा, स्लो मोशन २४० फ्रेमवर ठेवा आणि टोचा. एक फ्रेम म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या थोडं वर. ठिपके कुठल्या दिशेला किती सरकले ते नंतर स्क्रीनवर मोजता येतं, मोजणाऱ्याला गट माहीत नसतो, आणि परीक्षकानं विचारलं तर व्हिडिओ दाखवता येतो. पहिल्यांदा मी हा व्हिडिओ हळू करून बघितला तेव्हा टोचल्याजागच्या चार-पाच ठिपक्यांची रांग काखेकडं वाकून परत सरळ होताना दिसली, आणि शेजारची ओळ जागच्या जागी. इतकी वर्षं मी ती फक्त "हलली" म्हणून लिहीत होतो. पट्टी ठेवायला विसरू नका, फ्रेममध्ये मिलिमीटरची पट्टी नसेल तर ठिपके मोजून उपयोग नाही. हे केलं तर गाईडही मान्य करतील असं मला वाटतं.

जाता जाता एक, कारण तुमचा एक मित्र व्हेटर्नरीला आहे म्हणालात. कुत्र्यात हाच रिफ्लेक्स मणक्याची इजा कुठं आहे ते शोधायला वापरतात, कमरेच्या हाडापासून चिमटीनं चिमटे घेत पुढं पुढं जायचं, जिथं कातडी हलायला लागते तिथं हद्द, आणि इजा त्या हद्दीच्या एक ते चार मणके पुढं असते कारण कातडीच्या नसा तिरप्या मागं उतरतात. डॅशंडसारख्या डिस्क घसरणाऱ्या कुत्र्यांमध्ये रोजच्या कामाची टेस्ट आहे ती. गिनीपिगमध्ये कॉर्डची एक बाजू कापली की त्या बाजूचा, खालचा रिफ्लेक्स आपोआप परत येत नाही, म्हणूनच रिचर्ड बोर्गेन्स या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये विजेच्या क्षेत्रानं तो काही प्राण्यांत परत आल्याचं दाखवलं तेव्हा त्याला वजन होतं.

परवानगीचं तुम्ही केलंच असेल, तरी. रॅटची संख्या इथिक्स कमिटीनं मंजूर केलीय तेवढीच, प्राण्यांवरच्या प्रयोगांची सरकारी समिती, आधी सीपीसीएसईए म्हणायचो ती आता सीसीएसईए, नाव बदललं तरी परवानगीच्या अर्जातलं, फॉर्म बी मधलं, उत्तर तेच द्यायचंय, की हे जिवंत प्राण्यावरच का. नुसत्या शिकण्यासाठी ही टेस्ट प्राण्यावर करू नका, हात बसवायला सिम्युलेशन आहेत, आणि टोचणीचा जोर बसवायला वजनकाटा आणि रबराचा तुकडा आहे. आम्ही नवीन मुलांना आधी पंधरा दिवस तेवढंच करायला लावतो.

आता ४ आणि ७ नंबर. त्यांना औषध देऊ नका, आणि गुपचूप वगळूही नका. आधी उजव्या-डाव्या दोन्ही बाजू टोचा. एकाच बाजूला नसेल तर त्या बाजूची काखेतली नस किंवा पाठीची जुनी जखम बघा, पिंजऱ्यात चावाचावी झालेली असते कधी कधी. मागच्या भागात नाही आणि पुढं आहे असं असेल तर तुम्ही फार मागं टोचताय, कंबर आणि शेपटीजवळ हा रिफ्लेक्स मुळातच नसतो, मला हीच शक्यता जास्त वाटते कारण फोटोत तुमचा गोल कमरेच्या हाडापर्यंत गेलेला दिसतोय. गोल दोन-अडीच सेंटीमीटर पुढं घ्या. कुठंच नसेल तर तीन-चार दिवस फक्त हातात घ्या, टोचू नका, आणि मग परत बघा. तरीही सहापैकी पाचच्या खाली राहिले तर ते बाद, पण बादचा नियम आज, औषध द्यायच्या आधी, वहीत तारखेसह लिहा, आणि थिसिसमध्ये किती रॅट का बाद केले ते एका ओळीत येऊ द्या. बाकीच्यांचे पहिल्या दिवसाचे व्हिडिओ तयार झाले की पाठवा, ठिपके मी मोजून देतो, गट कुठला ते मला सांगू नका.